रायटर बिघडलाय? फॉरमॅट मारू नका, फोल्डरचं नाव बदला

"कशाला तरी हात लागला आणि सगळं बिघडलं." ओळखीतल्यांचे कॉम्प्युटरसाठी जे फोन येतात, त्यांतले निम्मे याच वाक्याने सुरू होतात. वरची बटणांची पट्टी गायब झालेली असते. नवी फाइल उघडली की अक्षर भलत्याच आकाराचं येतं. नाहीतर रायटर उघडतो आणि दोन मिनिटांत आपला आपण मिटतो. मग घरातलं कोणीतरी सल्ला देतं, काढून टाक आणि परत टाक. त्याहून धीट माणूस म्हणतो, फॉरमॅट मार.

फॉरमॅट तर मारूच नका. काढून परत टाकण्यानेही सहसा काही होत नाही. अर्धा दिवस जातो, पुन्हा रायटर उघडतो आणि पट्टी गायबच असते. असं का होतं हे एकदा कळलं की बाकीचं काम दहा मिनिटांचं आहे. हा लेख मुख्यतः लिब्रेऑफिस रायटर या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमबद्दल आहे. तो फुकट मिळतो आणि शाळांत, छोट्या कार्यालयांत बराच वापरला जातो. वर्डवाल्यांसाठीही शेवटी थोडं लिहिलं आहे.

सेटिंग नेमकं राहतं कुठे

लिब्रेऑफिस आपण टाकतो तेव्हा तो विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन बसतो. पण तुम्ही त्यात केलेले बदल तिथे राहत नाहीत. कोणती पट्टी लपवली, कोणता फॉण्ट ठरवला, शब्दकोशात कोणते शब्द घातले, हे सगळं तुमच्या विंडोजच्या खात्यात, 'यूजर' नावाच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठतं. काढून परत टाकणं म्हणजे घर पाडून नवं बांधायचं आणि कपाट मात्र आतल्या पसाऱ्यासकट होतं तसं आणून ठेवायचं. लिब्रेऑफिस काढताना त्या कपाटाला कोणी हात लावत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर नवी आवृत्ती टाकताना दर वेळी सगळं पहिल्यापासून मांडावं लागलं असतं.

या फोल्डरमध्ये रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नावाची एक फाइल असते. नावावर जाऊ नका, विंडोजच्या रजिस्ट्रीशी तिचा संबंध नाही. मूळ सेटिंगपेक्षा तुमचं काय वेगळं आहे, तेवढीच यादी तिच्यात असते. मूळ सेटिंग प्रोग्रॅमच्या आत सुरक्षितच असतं. ही यादी सापडली नाही की रायटर मुकाट्याने मूळ सेटिंग घेतो आणि नवी, जवळजवळ कोरी यादी सुरू करतो. म्हणजे रीसेट करायचं तर मूळ सेटिंग कुठून आणावं लागत नाही, फक्त आपली यादी बाजूला सारायची.

पण आधी बघा, रीसेटची गरज आहे का

सगळ्यात पहिली परीक्षा: नवी कोरी फाइल उघडा. तिथे सगळं ठीक दिसतंय? मग बिघाड रायटरमध्ये नाही, त्या एका फाइलमध्ये आहे. हजारदा रीसेट केलंत तरी ती फाइल तशीच उघडेल. इंटरनेटवरून किंवा व्हॉट्सॲपवरून मजकूर उचलून चिकटवला की त्याच्याबरोबर फॉण्ट, रंग, ओळींमधली अंतरं असं सगळं वऱ्हाड येतं. अशा वेळी मजकूर निवडा आणि कंट्रोल, शिफ्ट आणि एम या तीन कळा एकदम दाबा. वरवर लावलेलं फॉरमॅटिंग उतरतं. ठळक आणि तिरपी अक्षरंही त्यात जातात, तेवढं लक्षात ठेवा.

शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका आहेत. सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त त्याच लिहितात. एका रविवारी त्यांनी हाक मारली, "अरे, मी नवं लिहितेय आणि हा जुनं खातोय!" वाक्याच्या मध्ये एखादा शब्द घालायला गेलं की पुढची अक्षरं पुसली जात होती. इन्सर्ट कळ चुकून दाबली गेली होती, एवढंच. ती पुन्हा एकदा दाबली आणि प्रश्न मिटला. त्याआधी त्यांच्या भाच्याने फोनवरून लिब्रेऑफिस दोनदा काढून टाकायला लावला होता.

असेच आणखी काही खोटे बिघाड आहेत. परिच्छेदाच्या शेवटी उलट्या पीसारखं चिन्ह आणि शब्दांच्या मध्ये ठिपके दिसू लागले तर कंट्रोल आणि एफ १० दाबा. ती न छापली जाणारी चिन्हं आहेत, कागदावर येत नाहीत. मेन्यू, पट्ट्या सगळंच नाहीसं होऊन नुसतं पान उरलं असेल तर तुम्ही पूर्ण पडद्याच्या रूपात गेला आहात. कंट्रोल, शिफ्ट आणि जे दाबून बाहेर या. एखादीच पट्टी गेली असेल तर व्ह्यू मेन्यूत टूलबार्समध्ये तिच्या नावापुढे खूण करा. अख्खी मांडणीच अनोळखी वाटत असेल तर त्याच व्ह्यू मेन्यूत यूजर इंटरफेस उघडा आणि स्टँडर्ड टूलबार निवडा. बहुधा कोणीतरी टॅबवाली मांडणी लावून ठेवलेली असते.

प्रत्येक नवी फाइल जुन्या लेटरहेडसकट किंवा विचित्र समासांसकट उघडते का? मग मूळ साचा, म्हणजे डीफॉल्ट टेम्प्लेट, कोणीतरी बदललेला आहे. फाइल मेन्यूत टेम्प्लेट्स, त्यात मॅनेज टेम्प्लेट्स उघडा. तिथल्या मॅनेज बटणाखाली डीफॉल्ट टेम्प्लेट रीसेट करण्याची सोय आहे.

एक बिघाड मात्र खास आपल्याकडचा. जुनी मराठी फाइल उघडली आणि अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा काला दिसला, तर बिचाऱ्या रायटरचा काही दोष नाही. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये आहे: श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकचे डीव्ही-टीटी योगेश, सुरेख वगैरे. त्या फॉण्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉण्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. उपाय दोनच: तो फॉण्ट मशीनवर टाकणं किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं.

सेफ मोड: आधी तपासा, मग पुसा

एवढं करूनही त्रास चालू असेल, किंवा रायटर मध्येच मिटत असेल, तर आता खरा रीसेट. त्याआधी एक काम. अर्धवट राहिलेली, न जपलेली एखादी फाइल परत मिळवायची असेल तर ती आधीच उघडून दुसरीकडे जपून घ्या. अचानक बंद पडल्यावर रायटर जे परत आणून देतो, त्याच्या नोंदी आणि प्रतीही याच यूजर फोल्डरमध्ये असतात. तुम्ही स्वतः डॉक्युमेंट्समध्ये किंवा डेस्कटॉपवर जपलेल्या फाइलींना रीसेटमुळे काहीही होत नाही.

हेल्प मेन्यू उघडा आणि रीस्टार्ट इन सेफ मोड निवडा. रायटर विचारेल, बंद करून पुन्हा सुरू करू का? हो म्हणा. मेन्यूपर्यंत पोहोचायच्या आधीच रायटर मिटत असेल तर विंडोजच्या स्टार्ट मेन्यूत लिब्रेऑफिसच्या नावाखाली सेफ मोडची वेगळी नोंद आहे, तिच्यावर क्लिक करा. ही सोय २०१७ साली आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून आहे. मशीनवर त्याहून जुनी आवृत्ती असेल तर सरळ पुढच्या विभागाकडे जा.

पुन्हा सुरू होताना एक खिडकी येते. तिच्यात बरेच पर्याय असतात आणि नवखा माणूस इथेच दचकतो. सुरुवातीला त्यांतलं काहीच निवडू नका. खाली कंटिन्यू इन सेफ मोड असं बटण आहे, ते दाबा. आता रायटर तुमचं कपाट बाजूला ठेवून तात्पुरत्या कोऱ्या सेटिंगवर चालेल. ज्याने बिघडत होतं तेच करून बघा. इथेही तसंच बिघडलं तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये नाही. तेव्हाच लिब्रेऑफिस काढून परत टाकायचा विचार करा, किंवा आधी प्रिंटर आणि स्क्रीनचे ड्रायव्हर बघा. इथे नीट चाललं तर दोष यूजर फोल्डरमध्ये आहे हे पक्कं झालं.

मग पुन्हा सेफ मोडच्या खिडकीत या आणि वरून खाली, हलक्या उपायाकडून जालीम उपायाकडे जा. रायटर चालू स्थितीतल्या तुमच्या सेटिंगची एक प्रत आपणहून ठेवत असतो. पहिला पर्याय, रिस्टोअर फ्रॉम बॅकअप, ती प्रत परत बसवतो. कालपर्यंत ठीक होतं आणि आज बिघडलं, अशा वेळी हाच वापरा, कारण यात नुकसान सगळ्यात कमी. दुसरा पर्याय, कॉन्फिगर, यात एक्स्टेंशन्स, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, बंद करता येतात आणि हार्डवेअर ॲक्सेलरेशन, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवायचं काम ग्राफिक्स कार्डावर सोपवणं, तेही बंद करता येतं. स्क्रीनवर काळे चौकोन येणं, अक्षरं अर्धवट उमटणं असा त्रास असेल तर हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून बघाच. त्याखाली एक्स्टेंशन्स काढून टाकण्याचा पर्याय आहे.

सगळ्यात खाली रीसेट टू फॅक्टरी सेटिंग्ज. त्यात दोन चौकटी आहेत आणि त्यांच्यातला फरक नीट समजून घ्या. पहिली फक्त सेटिंग आणि मेन्यू-पट्ट्यांमधले बदल पुसते. तुमचा शब्दकोश, टेम्प्लेट, एक्स्टेंशन्स जागेवर राहतात. दुसरी अख्खा यूजर फोल्डर कोरा करते. दहातल्या नऊ वेळा पहिली चौकट पुरते, असा माझा अनुभव. दुसरीवर खूण करायच्या आधी त्याच खिडकीत ॲडव्हान्स्ड उघडा. तिथे अख्ख्या प्रोफाइलची, म्हणजे याच यूजर फोल्डरची, झिप फाइल करून ठेवता येते. ती करा आणि पेनड्राइव्हवर टाका. मग अप्लाय चेंजेस अँड रीस्टार्ट.

हाताने करायचं असेल तर

मला स्वतःला ही रीत जास्त आवडते. सेफ मोडची खिडकी पुसते, आपण मात्र फक्त नाव बदलतो. नाव बदललेलं परत फिरवता येतं.

आधी लिब्रेऑफिसच्या सगळ्या खिडक्या बंद करा. नुसता रायटर नाही, कॅल्क, इम्प्रेस, सगळंच. उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ लिब्रेऑफिसचं छोटं चिन्ह दिसत असेल तर त्यावर उजवं क्लिक करून तेही बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज नाव बदलू देणार नाही.

यूजर फोल्डर विंडोजने लपवलेला असतो, म्हणून तो शोधत बसू नका. विंडोजची कळ धरून आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत आधी टक्क्याचं चिन्ह, मग ए, पी, पी, डी, ए, टी, ए ही अक्षरं, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह, असं मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये लिब्रेऑफिस, त्यात ४, त्यात यूजर. हा ४ बघून गोंधळू नका. २०१३ साली ४.० आवृत्ती आली तेव्हापासून या फोल्डरचं नाव तेच आहे. आता आवृत्त्यांना सालावरून २४.२, २५.२ असे आकडे मिळतात, तरी फोल्डर आपला ४ च. लिनक्सवर हाच यूजर फोल्डर होम फोल्डरमधल्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये असतो आणि मॅकवर लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये.

यूजर या फोल्डरवर उजवं क्लिक करा, रीनेम निवडा आणि त्याला यूजर-जुना असं काहीही नाव द्या. आता रायटर उघडा. पहिल्यांदा जरा वेळ घेईल, कारण तो नवा यूजर फोल्डर तयार करत असतो. उघडेल तेव्हा आज टाकल्यासारखा कोरा असेल.

नाव बदला, डिलीट करू नका, हे मी इतक्यांदा सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी हुशारी करून स्वतःचाच फोल्डर डिलीट केला आणि रीसायकल बिनही रिकामी केली. कोकणातल्या गावांची, वाड्यांची, माणसांची नावं मी कित्येक महिने एकेक करून शब्दकोशात घातली होती. ती सगळी गेली. पुढचे कितीतरी दिवस पानभर लाल नागमोडी रेघा बघत बसलो.

तुमच्यावर ती वेळ यायला नको म्हणून, जुन्या फोल्डरमधून काय परत आणायचं ते बघा. रायटर बंद करा. जुन्या फोल्डरमध्ये वर्डबुक आहे, त्यात तुमचे शब्द. टेम्प्लेटमध्ये तुमचे साचे. ऑटोटेक्स्टमध्ये छोट्या नावावरून मोठा मजकूर आणणाऱ्या नोंदी. ऑटोकरमध्ये तुम्ही शिकवलेल्या आपोआप दुरुस्त्या. तुम्ही मॅक्रो लिहीत असाल तर बेसिक. यांतले लागतील तेवढे फोल्डर नव्या यूजर फोल्डरमध्ये कॉपी करा. एकेक आणा, दर वेळी रायटर उघडून बघा. रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स ही फाइल मात्र आणू नका. बिघाड बहुधा तिच्यातच असतो, आणि ती आणली की केलेलं सगळं पाण्यात.

कोऱ्या रायटरला पुन्हा मराठी करा

इंग्रजीतल्या सूचना इथेच संपतात. आपलं मात्र थोडं काम उरतं, कारण कोऱ्या रायटरला तुम्ही मराठीत लिहिणार आहात हे ठाऊक नसतं.

टूल्स मेन्यूत ऑप्शन्स उघडा. डावीकडे लँग्वेज या शब्दाने सुरू होणारा विभाग आहे. त्यात दस्तऐवजाच्या मूळ भाषांमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटपुढे खूण नसेल तर करा आणि यादीतून मराठी निवडा. रायटर देवनागरी या गटात मोजतो. एकाच परिच्छेदात इंग्रजीचा फॉण्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा जपला जातो, तो यामुळेच. फॉण्टचा आकार वाढवला आणि इंग्रजीच मोठं झालं, मराठी तसंच राहिलं, ही तक्रारही इथूनच येते. मग त्याच ऑप्शन्समध्ये लिब्रेऑफिस रायटर या विभागात बेसिक फॉण्ट्स उघडा, त्यातला सीटीएलवाला, म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा. तिथे तुमचा नेहमीचा देवनागरी फॉण्ट आणि आकार ठरवा. मराठी शुद्धलेखन तपासणारं एक्स्टेंशन तुम्ही स्वतः टाकलेलं असेल आणि फोल्डर पूर्ण कोरा केला असेल, तर तेही परत टाकावं लागेल.

कागद बघायला विसरू नका. मशीनचं विंडोज अमेरिकन इंग्रजीवर लावलेलं असेल तर कोरा रायटर लेटर आकाराचं पान देऊ शकतो. लेटर म्हणजे २१.५९ गुणिले २७.९४ सेंटिमीटर. आपला ए४ म्हणजे २१ गुणिले २९.७. पडद्यावर फरक कळत नाही. छापताना शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते किंवा प्रिंटर लाल दिवा लावून बसतो. फॉरमॅट मेन्यूत पेज स्टाइल उघडून ए४ करा. ते कायमचं ठेवायचं तर त्या कोऱ्या फाइलीलाच टेम्प्लेट म्हणून जपा आणि जपताना ती डीफॉल्ट करण्याच्या चौकटीवर खूण करा. मोजमाप इंचांत दिसत असेल तर ऑप्शन्समध्ये रायटरच्या जनरलमध्ये सेंटिमीटर करा.

तुमच्या फाइली वर्ड वापरणाऱ्यांकडे जात असतील तर लोड-सेव्ह या विभागात नेहमी वर्डच्या रूपात जपण्याचा पर्याय पुन्हा लावावा लागेल. नाहीतर फाइल रायटरच्या स्वतःच्या ओडीटी रूपात जाईल आणि पलीकडून "उघडत नाही" असा फोन येईल.

कृतिदेवमध्ये टाइप करणाऱ्यांनी टूल्समधलं ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आधी बंद करावं. रीसेटमुळे तिथल्या सगळ्या खुणा परत येतात. रायटरच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजीच लिहीत असता, म्हणून तो वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो, एकट्या आयला कॅपिटल आय करतो. कृतिदेवमध्ये लहान आय म्हणजे पूर्ण प आणि मोठा आय म्हणजे अर्धा. साध्या अवतरणचिन्हांच्या कळांवर अर्धे श आणि ष आहेत, त्यामुळे चिन्हं आपोआप वळणदार करणारी सोयही तिथे घोळ घालते. युनिकोडवाल्यांना यातला पहिला त्रास नाही, आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच.

वर्ड वापरत असाल तर

तत्त्व तेच, फक्त कपाट दोन-तीन जागी विखुरलेलं आहे. कंट्रोल कळ धरून वर्ड उघडा, तो सेफ मोडबद्दल विचारेल. तिथे नीट चाललं तर दोष बहुधा एखाद्या ॲड-इनमध्ये, म्हणजे वर्डला वरून जोडलेल्या सोयीत, किंवा नॉर्मल नावाच्या साच्यात आहे. ऑफिसचे सगळे प्रोग्रॅम बंद करून मघासारखंच टक्क्याच्या चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहा, मग मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स. तिथल्या नॉर्मल फाइलचं नाव बदला. वर्ड पुढच्या वेळी नवी तयार करतं. तुमच्या स्टाइल्स आणि मॅक्रो त्या जुन्या फाइलमध्ये राहतात, म्हणून तीही डिलीट करू नका. वरच्या रिबनची मांडणी बिघडली असेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, आणि खाली रीसेटमध्ये सगळे बदल पुसण्याचा पर्याय. वर्डची काही सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात, पण नवख्या माणसाला मी तिथे पाठवणार नाही. त्यासाठी जाणकार माणूस शेजारी बसवा.

नवी नॉर्मल फाइल तयार झाल्यावर फॉण्ट ओळखीचा वाटला नाही तर घाबरू नका. २००७ पासून कितीतरी वर्षं वर्डचा मूळ फॉण्ट कॅलिब्री होता. अलीकडच्या वर्डमध्ये त्याची जागा ॲप्टॉसने घेतली आहे. जुन्या मशीनवर जपून ठेवलेली 'मूळ सेटिंग' आणि आजची मूळ सेटिंग एकच असेल असं नाही.

रायटर असो की वर्ड, नाव बदललेलं ते जुनं महिनाभर तरी तसंच राहू द्या. एखादा साचा किंवा शब्द हवा होता हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आठवतं.